शरीराचा तोल : पडण्यापूर्वी करावयाची तपासणी

पावसाळा सुरू झाला की आमच्या अस्थिरोग विभागातील गर्दीचे स्वरूप बदलते. मृगाच्या सरी कोसळून पंधरा-वीस दिवस झाले की अंगणातील जांभ्याच्या चिऱ्यांवर, विहिरीच्या काठावर आणि पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि त्यावरून घसरलेली माणसे रुग्णालयात येऊ लागतात. कोणाचे मनगट मोडलेले असते, कोणाच्या मणक्याला मार बसलेला असतो, तर साठी-सत्तरी ओलांडलेल्यांपैकी काहींचे खुब्याचे हाड मोडलेले असते. पडण्याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "पाय सरकला." हे उत्तर खोटे नसते, परंतु ते पुरेसेही नसते. त्याच पायरीवरून त्याच सकाळी घरातील इतर माणसेही गेलेली असतात. त्यांचाही पाय थोडाफार सरकलेला असतो. त्यांनी स्वतःला सावरले, एवढाच काय तो फरक. स्वतःला सावरण्याची ही जी शक्ती, तिलाच आपण तोल म्हणतो. ती आपल्याजवळ किती आहे हे माणूस धडधाकट असतानाच मोजता येते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

निरोगी माणसाच्या तपासणीला रुग्णालयाच्या अहवालात जागा कशासाठी, असे आमच्या काही हितचिंतकांना वाटेल. शिबिरांमधून आम्ही वर्षानुवर्षे रक्तदाब मोजत आलो, रक्तातील साखर तपासत आलो, मोतीबिंदू शोधत आलो. तोल मात्र आम्ही मोजत नव्हतो. पडलेला माणूस आला की त्याचे हाड जोडावे, त्याला वॉकर धरून चालावयास शिकवावे आणि घरी पाठवावे, इतकेच आपले काम असे आम्ही मानत होतो. ही आमची उणीव होती, हे येथे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो आणि यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपला देश त्यांतलाच एक.

तोल कसा सांभाळला जातो

उभे राहणे म्हणजे स्वस्थ असणे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. लहानपणी तळहातावर काठी उभी धरून ती पडू न देण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला असतो. काठी जरा इकडे कलली की हात तिकडे न्यावयाचा, तिकडे कलली की इकडे. उभ्या माणसाच्या घोट्यांतील स्नायू हाच खेळ अहोरात्र खेळत असतात. माणूस कितीही निश्चल उभा आहे असे वाटले तरी त्याचे शरीर सूक्ष्मपणे मागेपुढे डोलत असते. त्याचा गुरुत्वमध्य, जो साधारणपणे बेंबीच्या किंचित खाली असतो, तो दोन्ही पावले आणि त्यांमधील जागा मिळून होणाऱ्या आधारक्षेत्राच्या वर राहिला, तोपर्यंत माणूस उभा. पावले जुळवली की हे क्षेत्र लहान होते. एका ओळीत ठेवली की ते अरुंद पट्टीएवढे उरते. व्हाळावरच्या पोफळीच्या सोटांच्या साकवावरून जाताना भल्याभल्यांची तारांबळ उडते ती यामुळेच.

धक्का लहान असेल तर घोटे तो सावरतात. मोठा असेल तर कंबर वाकते आणि हात पसरले जातात. त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकून नवा आधार शोधावा लागतो. मिरकरवाड्याच्या बंदरात हलत्या होडीत उभे राहून जाळी उचलणाऱ्या मच्छीमाराकडे पाहिले तर या तीनही युक्त्या एकामागून एक दिसतात. त्याला स्वतःला त्याची जाणीवही नसते.

या हालचालींसाठी मेंदूला बातमी तीन ठिकाणांहून मिळते. पहिले ठिकाण डोळे. दुसरे अंतर्कर्ण. तेथील तीन अर्धवर्तुळाकृती नलिका डोके कोणत्या दिशेने वळले ते सांगतात, तर त्यांच्याजवळील दोन पिशव्यांमधील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण डोके किती कलले आणि शरीर सरळ रेषेत किती वेगाने सरकले याची खबर देतात. तिसरे ठिकाण म्हणजे तळपायांची त्वचा, स्नायू व सांधे. पायाखालची जमीन टणक आहे की मऊ, सपाट आहे की उतरती, घोटा किती वाकलेला आहे, हे सारे पाहिल्यावाचून कळते ते यांच्यामुळे. तिन्हीकडून आलेल्या बातम्यांचा मेळ मेंदू घालतो आणि स्नायूंना आज्ञा देतो.

एकत्र कुटुंबात तीन भाऊ मिळवते असावेत आणि एकाची कमाई बंद झाली तरी उरलेल्या दोघांनी घर चालवावे, असा हा कारभार आहे. घर चालते म्हणून बाहेरच्याला काही कळत नाही. तोलाच्या बाबतीतही हेच घडते. तळपायांची जाणीव हळूहळू बोथट होत असते, अंतर्कर्णातील संवेदनशील पेशी वयोमानाने कमी होत असतात, आणि डोळे ही सर्व तूट गुपचूप भरून काढत असतात. उजेडात, सपाट फरशीवर, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहून त्याच्या तोलाविषयी फारसे काही सांगता येत नाही. तपासणी करावयाची तर आधार एकेक करून काढून घ्यावे लागतात.

हे प्रथम व्यवस्थित मांडण्याचे श्रेय बर्लिनचे वैद्य मॉरिट्झ रोमबर्ग यांना दिले जाते. १८४० च्या दशकात, मज्जारज्जूच्या एका विकाराने पायांची जाणीव गमावलेल्या रुग्णांविषयी त्यांनी लिहिले. हे रुग्ण डोळे उघडे असेपर्यंत उभे राहू शकत, मात्र डोळे मिटताच डोलू लागत. पावले जुळवून, हात अंगालगत ठेवून, प्रथम डोळे उघडे व नंतर मिटून उभे राहण्याची त्यांच्या नावाची चाचणी आजही सर्वत्र केली जाते. अशा रुग्णांचा तोल तोंड धुताना हमखास जात असे, कारण तोंडावर पाणी मारताना डोळे मिटतात. आपल्याकडील न्हाणीचा येथे विचार करावा. जमीन ओली, उजेड बेताचा, डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटलेले, आणि त्यातच एक पाय उचलून तो चोळणे चालू. तिन्ही आधार एकाच वेळी काढून घेण्याची इतकी परिपूर्ण व्यवस्था कोणत्याही प्रयोगशाळेत नसेल.

पुढे १९८६ साली अमेरिकेतील अ‍ॅन शमवे-कुक आणि फे होराक या दोघींनी याच विचाराचा विस्तार केला. पायाखाली जाड स्पंज ठेवला की तळपायांची व घोट्यांची बातमी अविश्वसनीय होते. डोळे फसवण्यासाठी त्यांनी चक्क कागदी जपानी कंदील डोक्यावर चढवला. डोके हलले की कंदीलही त्याच्याबरोबर हलतो, त्यामुळे आपण डोलत आहोत हे डोळ्यांना कळतच नाही. आपल्या दिवाळीतल्या आकाशकंदिलाच्या या भावंडाचे काम आता अद्ययावत संस्थांमध्ये संगणकाशी जोडलेले पायपाट करतात. पण तत्त्व बदललेले नाही. स्पंजावर डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला केवळ अंतर्कर्णाचाच भरवसा उरतो.

वय आणि तोल

निरोगी माणसांचा तोल वयाबरोबर कसा बदलतो, याचे मोजमाप अनेकांनी केले आहे. त्यांपैकी एका पायावर उभे राहण्याची चाचणी सर्वांत सोपी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत १८ वर्षांपासून नव्वदीपर्यंतच्या ५४९ जणांना एका पायावर उभे केले होते. वेळेची मर्यादा ४५ सेकंदांची होती. तीन प्रयत्नांतील उत्तम वेळ धरली तर चाळिशीच्या आतील माणसे जवळपास पूर्ण वेळ उभी राहिली. साठ ते सत्तर या वयोगटाची सरासरी सुमारे ३० सेकंदांवर आली, सत्तरीनंतर २० च्या आसपास, आणि ऐंशीनंतर १० च्या आसपास. हे झाले डोळे उघडे असताना. डोळे मिटल्यावर तरुणांनाही १५ सेकंदांच्या आसपासच उभे राहता आले, पन्नाशीतल्यांना ८ च्या आसपास आणि साठीनंतर जेमतेम ३-४ सेकंद.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानी येते. डोळे उघडे असताना पन्नाशीचा माणूस आणि पंचविशीचा माणूस यांत विशेष अंतर दिसत नाही. डोळे मिटताच ते दुपटीचे होते. म्हणजे ऱ्हास साठीनंतर सुरू होत नाही. साठीनंतर तो फक्त उघड्यावर येतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात पन्नाशीपुढील ४० निरोगी स्त्री-पुरुषांची चाल, ताकद व तोल यांची तुलना केली. हाताच्या पकडीची शक्ती दर दहा वर्षांत सुमारे ४ टक्क्यांनी घटत होती. गुडघ्याची शक्ती त्याहूनही संथ गतीने घटत होती. सर्वांत वेगाने घटत होती ती एका पायावर उभे राहण्याची क्षमता. कमी वापरातल्या पायावर ती दर दशकामागे २ सेकंदांहून अधिक कमी होत होती. चालण्यात मात्र लक्षणीय फरक नव्हता. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर दोन मैल फिरून येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांनी हे ध्यानात घ्यावे. फिरणे उत्तमच आहे, ते सोडू नये, परंतु झपाझप चालता येते म्हणून तोल शाबूत आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आणखी एक अभ्यास ब्राझीलमधील. त्यात ५१ ते ७५ या वयाच्या १७०० हून अधिक व्यक्तींना दहा सेकंद एका पायावर उभे राहावयास सांगितले होते. साधारण पाचांतील एकाला ते जमले नाही. पुढील सुमारे सात वर्षांत, ज्यांना जमले नव्हते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण, वय व इतर आजार हिशेबात धरूनही, लक्षणीयरीत्या अधिक आढळले. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे मथळे असे काही केले की आमच्याकडे घाबरून विचारणा होऊ लागली. येथे खुलासा आवश्यक आहे. एका पायावर उभे न राहता येणे हे मृत्यूचे कारण नाही. अशक्त स्नायू, मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार अशा अनेक गोष्टींचा एकत्रित परिणाम त्या दहा सेकंदांत डोकावतो, इतकाच त्याचा अर्थ.

हात पुढे नेण्याची चाचणीही आमच्या आवडीची आहे, कारण ती पाहताच लोकांना पटते. भिंतीला मोजपट्टी आडवी चिकटवावयाची, तिच्या बाजूला उभे राहून हात खांद्याच्या उंचीवर सरळ धरावयाचा आणि पाऊल न उचलता होईल तितके पुढे झुकावयाचे. पामेला डंकन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा विशी ते चाळिशीतील पुरुषांचा हात सरासरी ४२ सेंटिमीटर पुढे गेला होता आणि स्त्रियांचा ३७. सत्तरीनंतर हेच आकडे अनुक्रमे ३३ व २७ वर आले. परसातल्या दोरीवर कपडे वाळत घालणे, कढीपत्त्याची डहाळी ओढणे, देवघरातील समई उचलणे या सर्वांत आपण हीच चाचणी नकळत देत असतो. उंच माणसाचा हात साहजिकच अधिक पुढे जातो, म्हणून आकडा वाचताना उंची ध्यानात ठेवावी लागते.

एकच फूटपट्टी सर्वांना चालत नाही

तोल मोजण्याच्या ज्या प्रसिद्ध पद्धती आहेत, त्यांतील बहुतेक आजारी व वृद्ध माणसांसाठी तयार झालेल्या आहेत. कॅनडातील कॅथरिन बर्ग यांची १९८९ सालची गुणपद्धती घ्या. बसलेले असताना उठणे, जमिनीवरील वस्तू उचलणे, जागच्या जागी फिरणे अशी १४ कामे आणि एकूण ५६ गुण. पक्षाघातातून उठलेल्या रुग्णाची प्रगती पाहण्यासाठी ही पद्धती फार मोलाची आहे. पण ती पस्तिशीच्या निरोगी माणसाला लावली तर त्याला ५६ पैकी ५६ मिळतात, आणि पंचावन्न वर्षांच्या निरोगी माणसालाही बहुधा तितकेच. सोप्या प्रश्नपत्रिकेत सारा वर्ग पहिला यावा, तसे हे आहे. उलट एका पायावर डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी पंचाहत्तरीच्या मंडळींना दिली तर सगळेच दोन-तीन सेकंदांत पाय टेकतात. अवघड प्रश्नपत्रिकेत सारा वर्ग नापास, आणि कोण अधिक धोक्यात आहे हे कळत नाही ते नाहीच.

तेव्हा निरोगी माणसाचा तोल मोजावयाचा म्हणजे त्याच्या क्षमतेची सीमा जेथे येते तेथपर्यंत त्याला पायरीपायरीने न्यावयाचे. या दृष्टीने आपल्याच राज्यातील एका संस्थेने केलेले काम उल्लेखनीय आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशातील वाढत्या वयाच्या लोकांचा जो मोठा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, त्याच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी झाली. हे लोक प्रामुख्याने ४५ वर्षांपुढचे होते. पाहणी करणारे कार्यकर्ते घरोघर गेले आणि रक्तदाब, उंची, वजन यांच्या जोडीने त्यांनी हाताची पकड, चालण्याचा वेग व तोलही तपासला. पावले शेजारी-शेजारी जुळवून, मग एक अर्धे पुढे सरकवून, मग एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका ओळीत, असा तो क्रम. कोणत्याही खेड्यातील पडवीत हे करता येते, यंत्र लागत नाही, ही बाब आमच्यासारख्या संस्थेला फार धीर देणारी वाटली.

आमच्या फिजिओथेरपी विभागाने याच धर्तीवर स्वतःची पद्धत बसवली आहे. प्रथम पडण्याविषयी विचारपूस होते. त्यानंतर अनवाणी, कोरड्या जमिनीवर, दोन भिंतींच्या कोपऱ्याजवळ व्यक्तीला उभे केले जाते. एक मदतनीस हाताच्या अंतरावर थांबतो. पावले जुळवून डोळे उघडे व मिटून, मग एका ओळीत, मग एका पायावर, आणि हे सर्व ज्यांना सहज जमते अशा तरुणांना स्पंजावर. प्रत्येक प्रकाराला तीन संधी, त्यांतील उत्तम वेळ नोंदवावयाची. दोन्ही पायांची नोंद वेगवेगळी. एका पायावर उभे राहावयास सांगितले की शिबिरात हशा पिकतो आणि "लंगडी घालायला बोलावलंत की काय?" असे कोणीतरी विचारतेच. प्रश्न गमतीचा असला तरी चुकीचा नाही. लंगडीइतका तोलाचा कस पाहणारा खेळ क्वचितच असेल, आणि तो शाळा सुटल्याबरोबर आपण सोडून देतो.

साठीपुढील व्यक्तींसाठी खुर्चीतून उठणे, ३ मीटर चालत जाणे, वळून परत येणे आणि पुन्हा बसणे ही १९९१ पासून प्रचलित असलेली चाचणी जोडली आहे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा संकेत आहे. चालताना आम्ही मुद्दाम काहीतरी बोलणे काढतो. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली वृद्धनिवासातील ५८ जणांची अशी पाहणी केली होती. बोलावयाचे झाले की १२ जण चालता चालता थांबत, आणि त्या १२ पैकी १० जण पुढील सहा महिन्यांत पडले. ते लोक आधीच थकलेले होते, तेव्हा निरोगी माणसांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तथापि चालण्याकडे किती लक्ष द्यावे लागते आहे हे त्यावरून समजते.

जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे हाही एक चांगला कस आहे. पंगतीतून उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात पडू लागला की ते प्रत्येकाच्या ध्यानी येतेच. मात्र त्यात गुडघेदुखीचा भाग मोठा असतो, म्हणून आम्ही त्याची नोंद घेतो, पण तोलाच्या हिशेबात ती धरत नाही. परदेशातील सरासऱ्यांविषयीही आम्ही असेच जपून राहतो. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या, अनवाणी चाललेल्या, डोक्यावर हंडा-कळशी घेऊन चढण चढलेल्या स्त्रीची तुलना खुर्चीवर वाढलेल्या समाजाच्या आकड्यांशी करणे फारसे न्याय्य नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी करावी, हे आम्हास अधिक योग्य वाटते.

दोन अनुभव येथे नोंदवण्यासारखे आहेत. सत्तरीतील एक निवृत्त शिक्षक डोळे उघडे ठेवून आमच्या तरुण सेवकांच्या बरोबरीने उभे राहिले. डोळे मिटताच दुसऱ्या सेकंदाला मदतनीसाला त्यांना धरावे लागले. त्यांना कधी चक्कर येत नव्हती, ते कधी पडले नव्हते. तपासणीत तळपायांची जाणीव बरीच कमी झालेली आढळली आणि रक्तात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. दुसरा अनुभव आमच्याच एका तिशीतील कर्मचाऱ्याचा. त्याचा डावा पाय ठीक, उजव्या पायावर मात्र त्याला डोळे मिटून तीन सेकंदही उभे राहता येईना. काही वर्षांपूर्वी खेळताना त्याचा घोटा मुरगळला होता. सूज उतरली म्हणून त्याने पुढे काही केले नव्हते. मुरगळलेल्या घोट्याची सूज ओसरली तरी त्याच्यातील जाणीव आपोआप पूर्ववत होतेच असे नाही. ती व्यायामाने परत आणावी लागते.

आकडा उतरला तर काय करावे? सर्वप्रथम कारण शोधावे. मधुमेहाने बधिर झालेले पाय, पिकत आलेला मोतीबिंदू, झोपेची गोळी, उठून उभे राहताच रक्तदाब उतरवणारी औषधे, अंतर्कर्णातील कण जागचे हलल्याने येणारी भोवळ, यांपैकी बहुतेकांवर उपाय आहे. औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्यानंतर व्यायाम. जगभरातील १०८ चाचण्यांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले, आणि त्यात तोलाच्या व्यायामांचा वाटा मोठा होता. दूध तापेपर्यंत स्वयंपाकाच्या ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभे राहणे, भिंतीच्या कडेने टाचेला अंगठा लावत दहा पावले जाणे, खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणे, एवढ्याने सुरुवात होते. व्यायाम इतका सोपा असू नये की तोल मुळीच डळमळणार नाही, आणि इतका अवघडही असू नये की आधार हाताशी असूनही भीती वाटेल.

घराकडेही पाहावे लागते. आषाढ लागण्यापूर्वी पायऱ्यांवरील शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खरवडणे, न्हाणीत भिंतीला दांडी बसवणे, न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा ठेवणे आणि तळ गुळगुळीत झालेल्या स्लिपर टाकून देणे, ही कामे कोणताही गवंडी व घरातील कोणतीही सून-मुलगा एका दिवसात करू शकतो.

अडचण आहे ती निराळीच. आमच्याकडे येणारे कितीतरी वृद्ध गावच्या घरी एकटे किंवा दोघेच राहतात. मुले मुंबईस असतात, गणपतीला व मे महिन्यात येतात. हाड मोडून दाखल झालेल्या आजींना शांतपणे विचारले की कळते, त्याच पावसाळ्यात त्या आधी एकदा-दोनदा घसरल्या होत्या. हे त्यांनी फोनवर मुलाला सांगितलेले नसते, शेजारणीलाही सांगितलेले नसते. सांगितले तर मुलगा घराला कुलूप लावून आपल्याला मुंबईला नेईल, ही धास्ती असते. तोल जाण्यापेक्षा घर जाण्याची भीती मोठी. ही भीती निराधार आहे असे आम्हास म्हणवत नाही. म्हणून विचारपूस करताना "पडलात का?" असे आम्ही विचारत नाही, "या वर्षी कुठे पाय घसरला, कुठे धरून सावरावं लागलं?" असे विचारतो. या प्रश्नाला उत्तरे मिळतात. मुलांनाही आमची विनंती आहे की, फोनवर त्यांनी आईवडिलांना असेच विचारावे आणि उत्तर आल्यावर तिकिटाची गोष्ट काढण्याआधी न्हाणीतल्या दांडीची गोष्ट काढावी.

तपासणीसाठी पंधरा ते वीस मिनिटे लागतात. जेवण होऊन निदान एक तास झालेला असावा, नेहमीचा चष्मा बरोबर आणावा, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणावीत आणि साडी किंवा लुंगी घोट्याच्या वर राहील अशी नेसून यावे. पन्नाशीपर्यंतच्या निरोगी व्यक्तींनी दोन वर्षांतून एकदा व त्यापुढील व्यक्तींनी दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, ही तपासणी करून घ्यावी असे आम्ही सुचवितो. प्रत्येकास एक कार्ड दिले जाते आणि त्यावर दोन्ही पायांचे सेकंद व हाताचे सेंटिमीटर लिहिलेले असतात. पुढील वेळी येताना ते बरोबर आणावे. कार्ड हरवल्यास काळजी नको, तीच नोंद विभागाच्या वहीतही असते.